सहा, नऊ, बारा, चौदा

सिगारेट सोडायचं मनावर घेतलेली शंभर माणसं घेतली आणि त्यांना कुठलंही औषध दिलं नाही, तर सहा महिन्यांनंतर त्यांतली साधारण सहा सिगारेटपासून लांब राहिलेली असतात. निकोटिनची पट्टी दिली तर नऊ. पट्टी आणि चघळायची गोळी अशी जोडी दिली तर बारा. व्हॅरेनिक्लिन किंवा सायटिसिन ही औषधं दिली तर चौदाच्या आसपास. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधक-गटाने २०२३ मध्ये तीनशेहून जास्त चाचण्या आणि दीड लाखाहून जास्त माणसं यांची आकडेवारी एकत्र मांडून हा हिशेब काढला.

औषध कंपनी हा हिशेब ‘दुपटीहून जास्त यश’ असा वाचेल. शंभरातला नापास झालेला माणूस म्हणेल, ‘चांगल्यातलं चांगलं औषध घेऊनही शहाऐंशी जण पुन्हा ओढतातच ना!’ दोघंही खरं बोलताहेत. मुश्किल अशी की रिक्षाच्या पाठीवर आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘एका महिन्यात व्यसनमुक्ती, खात्रीशीर’ असं लिहिलेलं असतं आणि त्याच्या शेजारी चौदा हा आकडा अगदीच बापुडा दिसतो. माझं म्हणणं असं की या सगळ्या क्षेत्रात विश्वास ठेवावा असा आकडा तो बापुडाच आहे. आणि तो वाटतो तितका लहानही नाही.

आधी हे पाहू की ‘सुटली’ असं कोणाला म्हणायचं. यावर संशोधकांनी बरीच वर्षं वाद घातला. २००५ मध्ये रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी जो मापदंड मांडला तो आज बऱ्याच चाचण्या वापरतात. सोडल्यापासून सहा महिने किंवा वर्षभर, या काळात पाचपेक्षा जास्त सिगारेटी नकोत, माणसाच्या शब्दावर न जाता तपासणी करायची, आणि जो पुढे भेटलाच नाही, फोन उचलला नाही, त्याला ओढणाऱ्यांत धरायचं. शेवटचा नियम कडक वाटेल, पण तो टाकला तर सगळा हिशेब फुगतो. ज्याची सुटली तो आनंदाने भेटायला येतो. ज्याची सुटली नाही तो डॉक्टर समोरून येताना दिसले तर रस्ता बदलतो.

सहा महिने कशाला? कारण बहुतेकांची गाडी पहिल्याच आठवड्यात घसरते. कोणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा २००४ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की बहुसंख्य लोक पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा पेटवतात आणि सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात. त्यामुळे महिन्याभरानंतर मोजलेला आकडा आणि वर्षानंतर मोजलेला आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही. व्हॅरेनिक्लिनची २००६ मधली मोठी चाचणी पाहा. बारा आठवड्यांचा औषधाचा कोर्स, त्यातल्या शेवटच्या चार आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के पूर्ण कोरडे होते. वर्ष संपेपर्यंत टिकले २१.९ टक्के. औषध नसलेली, नुसती दिसायला सारखी गोळी घेणाऱ्यांचा आकडा १७.७ वरून ८.४ वर आला. दोन्हीकडे निम्मे गळाले. म्हणजे औषधाचा फायदा टिकला, पण ‘४४ टक्के’ हा मथळा वाचून आशा लावणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पदरी निराशा आली.

आपल्याकडचं उदाहरण बिहारच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांचं आहे. नवी मुंबईची हीलिस सेखसरिया संस्था आणि हार्वर्डचे संशोधक यांनी मिळून ७२ शाळांत हा प्रयोग केला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. शाळा तंबाखूमुक्त करायची, मुख्याध्यापकांना हाताशी धरायचं, शिक्षकांनी एकमेकांना धीर द्यायचा, अशी सगळी रचना. उपक्रम संपला त्या वेळी महिनाभर तंबाखूला शिवले नाहीत असे ५० टक्के होते, तर जिथे उपक्रम नव्हता तिथे १५ टक्के. नऊ महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा सहा महिने सलग दूर राहिलेले १९ टक्के आणि ७ टक्के. फरक उरला, पण तो निव्वळ योगायोग नव्हे असं ठामपणे म्हणण्याइतकाही पक्का राहिला नाही. पन्नासवर कोणीही टाळ्या वाजवील. मला महत्त्वाचे वाटतात ते एकोणीस.

तपासणीचंही तसंच. सिगारेट किंवा विडी ओढणाऱ्याच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड असतो. हातात मावेल एवढ्या यंत्रात फुंकर मारली की आकडा उमटतो आणि दहाच्या खाली असेल तर हल्ली ओढलेली नाही असं धरतात. हा वायू शरीरातून जेमतेम दिवसभरात निघून जातो, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी उपास धरणाऱ्याला यंत्र पकडू शकत नाही. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं आणि ते लाळेत, लघवीत तीन-चार दिवस सापडतं. ही चाचणी जास्त पक्की, पण तिची अडचण वेगळीच आहे आणि ती महाराष्ट्राशी जास्त संबंधित आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

एका वाक्याची किंमत

या विषयातला माझा सर्वांत आवडता अभ्यास १९७९ चा आहे आणि त्यात औषधच नाही. लंडनमधल्या पाच दवाखान्यांतले २८ फॅमिली डॉक्टर, चार आठवडे, आणि त्या काळात इतर कसल्या ना कसल्या दुखण्यासाठी आलेले २,१३८ सिगारेट ओढणारे रुग्ण. मायकेल रसेल या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला काहीच विचारलं नाही. दुसऱ्याला सिगारेटविषयी फक्त एक प्रश्नावली भरायला दिली. तिसऱ्याला डॉक्टरने एक-दोन मिनिटांत सांगितलं, ‘सिगारेट सोडा.’ चौथ्याला तेच सांगितलं, शिवाय एक माहितीपत्रक दिलं आणि ‘आम्ही पुढे चौकशी करणार आहोत’ अशी ताकीदही दिली.

पहिल्या महिन्यात सोडून वर्षभर टिकलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के निघालं.

प्रश्नावलीचा १.६ हा आकडा मला फार बोलका वाटतो. नुसतं विचारल्यानेही काही जण थांबले. आणि ५.१ हा आकडा हसण्यावारी नेणाऱ्यांसाठी रसेलने पुढचा हिशेब मांडून ठेवला होता. ब्रिटनमधल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांनी हे केलं तर वर्षाला पाच लाखांहून जास्त लोकांची सिगारेट सुटेल. तेवढंच काम खास व्यसनमुक्ती केंद्रांकडून करून घ्यायचं तर तेव्हा होती त्या पन्नासेक केंद्रांची दहा हजार करावी लागतील. लहान टक्का मोठ्या गर्दीवर लावला की काय होतं, हे या एका वाक्यात आलं. रसेलचंच आणखी एक म्हणणं या क्षेत्रात सारखं सांगितलं जातं: लोक ओढतात निकोटिनसाठी, मरतात ते डांबरामुळे. निकोटिनच्या पट्ट्या आणि गोळ्यांमागचा सगळा विचार त्यातून निघतो.

रसेलच्या चौथ्या गटाचं भारतीय रूप दिल्लीत झालं. शहरातल्या ३२ गरीब वस्त्या, १,२१३ तंबाखू वापरणारे, कोणी विडी ओढणारे, कोणी खैनी मळणारे. दवाखान्यात कोणी आलंच नव्हतं. कार्यकर्ते घरोघरी गेले. निम्म्या वस्त्यांत मिनिटभराचा सल्ला दिला, उरलेल्या निम्म्यांत पंधरा मिनिटं बसून बोलले आणि तलफ आली की करायचा श्वासाचा एक योगाभ्यास शिकवला. सात महिन्यांनी लाळेतलं कोटिनिन तपासून मोजणी झाली. २०१७ मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात निकाल छापून आला: पंधरा मिनिटांच्या गटात ६११ पैकी १६, मिनिटभराच्या गटात ६०२ पैकी ३.

सोळा माणसं! टक्केवारीत २.६ विरुद्ध ०.५. वर्तमानपत्राला मथळा हवा असेल तर ‘योगश्वासाने तंबाखू सुटण्याची शक्यता पाचपट’ असा देता येईल आणि तो चुकीचा ठरणार नाही. पण पाचपट म्हणजे तीनाचे सोळा, हे मथळा सांगत नाही. उलट ‘शंभरातले सत्त्याण्णव तसेच राहिले’ असं म्हणून हा अभ्यास निकालात काढणंही तितकंच आळशीपणाचं. प्रौढांच्या तंबाखू-वापराची जी दुसरी राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ मध्ये झाली तिच्यानुसार भारतात २६ कोटी ७० लाख प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात. त्यांतल्या शंभरांमागे दोन जरी जास्त सुटले तरी आकडा त्रेपन्न लाखांवर जातो. आणि त्यासाठी लागणारं साहित्य म्हणजे सायकलवरून फिरणारा एक कार्यकर्ता आणि पंधरा मिनिटं.

याच्या अगदी उलट टोकाला केरळमधला २०१३ चा एक अभ्यास आहे. मधुमेहाच्या दवाखान्यात येणारे २२४ पुरुष, सगळे ओढणारे. एका गटाला डॉक्टरने सांगितलं, दुसऱ्याला डॉक्टरने सांगितलं आणि शिवाय प्रशिक्षित आरोग्य-कर्मचाऱ्याने एकाहून अधिक वेळा बसवून समजावलं. सहा महिन्यांनी ‘गेले सात दिवस ओढलेली नाही’ असं सांगणारे १२.५ टक्के आणि ५१.८ टक्के. दिल्लीत २.६, केरळात ५१.८! एकाच देशातले हे आकडे आहेत यावर विश्वास बसत नाही. पण मधुमेहाचा रुग्ण म्हणजे पायाच्या जखमेची आणि डोळ्यांची भीती आधीच मनात असलेला माणूस. तो पुन्हा पुन्हा त्याच दवाखान्यात येतो. तिथे मोजले गेले ते शेवटचे सात दिवस, दिल्लीत मोजला गेला तो सलग काळ. केरळात माणसाचा शब्द, दिल्लीत लाळ. हे सगळे फरक बाजूला सारून दोन टक्केवाऱ्या एका तक्त्यात शेजारी मांडणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो, असं खुशाल समजावं.

आता मघाच्या राष्ट्रीय पाहणीतला एक आकडा, जो मला त्रेपन्न लाखांपेक्षा जास्त टोचतो. आधीच्या वर्षभरात डॉक्टरकडे गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी ‘सोडा’ असा सल्ला मिळालेले ४८.८ टक्के होते. खाणाऱ्यांपैकी ३१.७ टक्के. म्हणजे तंबाखू खाणाऱ्या तिघांपैकी दोघांना डॉक्टर एक वाक्यही बोलला नाही. त्याच पाहणीत ओढणाऱ्यांतले ५५.४ टक्के आणि खाणाऱ्यांतले ४९.६ टक्के लोक सोडायचं ठरवत होते किंवा तसा विचार करत होते. ओपीडीत एका रुग्णाला दोन मिनिटं मिळतात हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत सल्ल्याचा जो किमान वेळ धरला आहे तो तीस सेकंद ते तीन मिनिटं इतकाच आहे. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधताना तेवढा वेळ जातोच.

पाणबुडी, पिवळी फुलं आणि एक काळी चौकट

औषधांकडे वळू. निकोटिनच्या गोळीची कल्पना स्वीडनमध्ये १९६७ मध्ये निघाली. लुंड विद्यापीठातल्या क्लेस लुंडग्रेन या संशोधकाने पाहिलं की पाणबुडीवरच्या खलाशांना आत ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडात ठेवायच्या तंबाखूवर वेळ भागवतात. त्याने हे आपला मित्र ऊवे फेर्नो याला कळवलं. फेर्नो लियो या औषध कंपनीत संशोधक होता आणि स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेला. गोळी तयार व्हायला आणि मान्यता मिळायला दहा वर्षं लागली. स्वित्झर्लंडमध्ये ती १९७८ मध्ये आली, अमेरिकेत १९८४ मध्ये.

ही गोळी आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळते. दोन मिलिग्रॅमच्या गोळीला चिठ्ठीही लागत नाही. पण ती कशी खायची हे सांगणारं कोणी नसतं. लोक ती च्युइंग गमसारखी सलग चावतात, रस गिळतात, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि ‘हे आपल्याला मानवत नाही’ म्हणून पाकीट फेकून देतात. खरी पद्धत वेगळी आहे. दोन-चार वेळा चावायची, तोंडात झिणझिणलं की थांबायचं आणि हिरडी-गालाच्या मध्ये दाबून ठेवायची. झिणझिण गेली की पुन्हा चावायची. असं अर्धा तास. निकोटिन शोषलं जातं ते तोंडाच्या अस्तरातून. गिळलेलं बरंचसं यकृतातच मोडतं. कॉफी किंवा लिंबू सरबत नुकतंच प्यायलेलं असेल तर तोंडातल्या आंबटपणामुळे शोषणच नीट होत नाही. तंबाखू मळणाऱ्याला यातलं मर्म आधीपासून ठाऊक आहे. त्याच्या हातावरचा चुना हेच काम करतो: आम्लता मारतो आणि निकोटिन मोकळं करतो. गोळीत चुन्याच्या जागी सोडियम कार्बोनेट असतं, एवढाच फरक. ‘बार’ भरणाऱ्याला ही गोळी कशी धरायची हे इतर कोणापेक्षा लवकर समजायला हवं, पण तसं त्याला कोणी समजावलंच नाही.

गोळी, पट्टी वगैरे सगळे प्रकार मिळून २०१८ पर्यंत १३३ चाचण्या आणि ६४ हजारांहून जास्त माणसांचा हिशेब झाला. यशाची शक्यता दीडपट होते, हा निष्कर्ष इतका पक्का आहे की नव्या चाचण्यांनी तो आता हलेल असं वाटत नाही. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत निकोटिनची ही औषधं आली आहेत.

सायटिसिनची गोष्ट जास्त गमतीची. युरोपातल्या लॅबर्नम नावाच्या पिवळ्या फुलांच्या झाडात ते सापडतं आणि मेंदूतल्या निकोटिनच्याच जागेवर जाऊन बसतं. बल्गेरियात १९६४ पासून त्याच्या गोळ्या विकल्या जात होत्या. पूर्व युरोपात लोक पंचवीस दिवसांचा कोर्स करत होते आणि पश्चिमेला त्याचा पत्ता नव्हता. सायटिसिनच्याच रेणूवर काम करून अमेरिकेत व्हॅरेनिक्लिन तयार झालं आणि २००६ मध्ये ते बाजारात आलं, तेव्हा मूळ स्वस्त औषधाची कडक चाचणी झालेली नव्हती. ती २०११ मध्ये वॉर्सात झाली. सायटिसिन घेणाऱ्या ३७० जणांपैकी वर्षभर ३१ टिकले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ३७० पैकी ९. साडेतीनपट!

पण याच औषधाची पुढची एक चाचणी बांगलादेश आणि पाकिस्तानात झाली. क्षयरोगाचं निदान नुकतंच झालेले २,४७२ ओढणारे रुग्ण. सहा महिन्यांनी सायटिसिनच्या गटात ३२.४ टक्के सुटले होते आणि औषध नसलेल्या गोळीच्या गटात २९.७ टक्के. म्हणजे औषधाने फारसं काही केलंच नाही. मला यातला २९.७ हा आकडा थक्क करतो. वॉर्सातल्या खऱ्या औषधाच्या तिपटीहून जास्त यश इथे साध्या गोळीला मिळालं! छातीच्या आजाराची भीती, नियमित दवाखाना, आणि दोन्ही गटांना दिलेलं समुपदेशन, यांनीच इतकं काम केलं की औषधाला करायला थोडंच उरलं. सिगारेट सोडवण्यासाठी माणूस गाठायची वेळ कोणती, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसऱ्या कुठल्या आकड्यात दिसलेलं नाही.

व्हॅरेनिक्लिनवर २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला होता. घेणाऱ्यांपैकी काहींना नैराश्य आलं, आत्महत्येचे विचार आले, अशा तक्रारी होत्या. सिगारेट सोडणाऱ्याला चिडचिड, झोप न येणं, उदास वाटणं हे औषध न घेताही होतं, त्यामुळे दोष औषधाचा की सोडण्याचा हे नुसत्या तक्रारींवरून ठरणार नव्हतं. मग ८,१४४ माणसांची चाचणी झाली, १६ देशांत, आणि त्यांतल्या निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता. २०१६ मध्ये निकाल आला. मानसिक आजार नसलेल्यांत गंभीर त्रास व्हॅरेनिक्लिनच्या गटात १.३ टक्के, औषध नसलेल्या गोळीच्या गटात २.४ टक्के. आजार असलेल्यांत ६.५ आणि ४.९. दुसऱ्या जोडीत औषधाचा आकडा थोडा वर आहे, पण योगायोगाच्या पलीकडे जाईल इतका नाही. चौकट त्याच वर्षी काढली गेली. दरम्यानच्या सात वर्षांत किती जणांनी भीतीपोटी ही गोळी टाळली आणि किती जण ओढत राहिले, याची मोजणी कोणत्याही चाचणीत येत नाही.

हळूहळू कमी करत सोडावी की एकदम, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि याचं उत्तर ब्रिटनच्या ६९७ जणांच्या चाचणीने २०१६ मध्ये दिलं. ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी सहा महिन्यांनी २२ टक्के टिकले, दोन आठवडे कमी करत आणणाऱ्यांपैकी १५.५ टक्के. ‘आता दिवसाला चारच’ म्हणणाऱ्या मंडळींनी लक्ष द्यावं.

ई-सिगारेटबद्दल थोडक्यात. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत वर्षानंतर यश १८ टक्के, तर निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांनी ९.९. पण सुटलेल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. भारतात तिच्या विक्रीवर त्याच वर्षी बंदी आली, त्यामुळे आपल्यापुरता हा प्रश्न निदान कागदावर तरी मिटला आहे.

आपली तंबाखू, त्यांचं संशोधन

इथवरचे बहुतेक आकडे सिगारेटचे आहेत. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि खाणारे २४.४ टक्के. म्हणजे ओढणाऱ्यामागे सहाहून जास्त खाणारे. बायकांमध्ये तर ओढणाऱ्या १.४ टक्के आणि तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या १६.६ टक्के. गोव्यात एकूणच प्रमाण कमी, शंभरात दहाच्या आतबाहेर. महाराष्ट्राचा एकूण आकडा आधीच्या पाहणीतल्या ३१.४ वरून २६.६ वर आला, हे चांगलंच झालं. पण जो तंबाखूचा बार ओठाखाली धरतो किंवा जी बाई सकाळी मिश्री लावल्याशिवाय कामाला हात लावत नाही, त्यांच्यासाठी शंभरात किती, या प्रश्नाला सहा-नऊ-बारा-चौदा असं उत्तर देता येत नाही.

खायच्या तंबाखूवरच्या चाचण्यांचा कॉक्रेनने २०१५ मध्ये घेतलेला आढावा वाचला तर लक्षात येतं की त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत झाल्या. तिथले बेसबॉल खेळाडू तोंडात ओली तंबाखू धरतात, त्यांच्यावर काही. त्यात व्हॅरेनिक्लिन आणि तोंडात विरघळणारी निकोटिनची गोळी यांचा उपयोग दिसला, चघळायची गोळी आणि पट्टी यांचा ठोस फायदा दिसला नाही. दंतवैद्याने तोंड उघडून आतला पांढरा चट्टा दाखवला की लोक सोडतात, असंही निघालं. दिल्लीत २३७ तंबाखू खाणाऱ्यांवर व्हॅरेनिक्लिनची चाचणी झाली, तिचा निकाल २०१४ मध्ये आला: तपासणीनुसार सुटलेले २५.२ टक्के, औषध नसलेल्या गटात १९.५. फरक ठाम म्हणावा इतका मोठा नाही.

मघाची तपासणीची अडचण इथे येते. ओढणाऱ्याला निकोटिनची गोळी दिली आणि सहा महिन्यांनी तो म्हणाला ‘सोडली’, तर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड पाहून खात्री करता येते. तंबाखू खाणाऱ्याच्या श्वासात तो वायू तंबाखूमुळे वाढतच नाही. म्हणून लाळेतलं कोटिनिन बघावं, तर निकोटिनच्या गोळीनेही तेच वाढतं. म्हणजे गोळी चघळून तंबाखू सोडू पाहणाऱ्या माणसाची परीक्षा नेहमीच्या दोन्ही साधनांनी घेता येत नाही. तंबाखूच्या पानात असलेला आणि औषधी गोळीत नसलेला अ‍ॅनाबेसिन हा घटक शोधता येतो, पण ती तपासणी महागडी, मोठ्या प्रयोगशाळेतली. आपल्याकडे खाण्याच्या तंबाखूवर कडक चाचण्या कमी होण्यामागे हे एक कारण आहे. पैसा कुठून येतो, हे दुसरं. सिगारेट सोडवणाऱ्या औषधाला जगभर गिऱ्हाईक आहे. मिश्री सोडवणाऱ्या औषधाला ते कुठे मिळणार?

विडीचंही काहीसं तसंच. १९९८ पासूनच्या देशव्यापी मृत्यू-अभ्यासातून २००८ मध्ये निष्कर्ष आला तो असा की विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होतं, विडी ओढणाऱ्या स्त्रीचं आठ, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचं दहा. सोडल्याचा फायदा किती, हे मात्र ब्रिटनच्या डॉक्टरांनीच दाखवून दिलं. रिचर्ड डॉल यांनी १९५१ मध्ये ३४,४३९ पुरुष डॉक्टरांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षांनी हिशेब मांडला: साठाव्या वर्षी सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, तिसाव्या वर्षी जवळजवळ सगळी दहा. शंभरातल्या ज्या चौदांची सुटते, त्यांतला प्रत्येक जण चाळिशीचा असेल तर चौदा नव्वे एकशे सव्वीस वर्षं. चौदा या आकड्याला बापुडा म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

आणि ज्याला आता सोडायचीच आहे, त्याच्यासाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत फोन २०१६ पासून आहे. पहिलं केंद्र दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही. सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावरच्या चित्राच्या इशाऱ्याखाली छापावा लागतो. पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही, म्हणून महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली. टपरीवर मात्र अजूनही सुटीच मागतात आणि सुटीच मिळते, पेटवायला लायटर दोरीला बांधलेलाच असतो.